दुसरं महायुद्ध संपून इतकी वर्षं झाली, तरी जपान आणि रशियात शांतता करार का नाही?

जपानच्या ईशान्येकडच्या कुरील बेटांमुळे. १९४५ मध्ये जपान शरण येत असतानाच सोव्हिएत सैन्याने इतुरुप, कुनाशिर, शिकोतान आणि हाबोमाई ताब्यात घेतली. १९५६ च्या संयुक्त जाहीरनाम्याने युद्धस्थिती संपली. करार झाल्यावर शिकोतान आणि हाबोमाई देण्याचं वचनही त्यात होतं. पण जपानचा दावा चारही बेटांवर आहे, आणि रशियासाठी ती बेटं ओखोत्स्क समुद्राच्या दारात आहेत, जिथे त्याच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या असतात. युक्रेनवरून जपानने निर्बंध लादताच मार्च २०२२ मध्ये रशियाने बोलणीच थांबवली.

मला जास्त वाईट वाटतं ते तिथून घालवलेल्या जपानी कुटुंबांचं. पूर्वजांच्या थडग्यांपर्यंत व्हिसाविना जाता यायचं, तेही आता बंद झालंय. आणि ती माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत.