चाऱ्याला पाटपाणी की ठिबक?

प्रश्न : दोन एकरांवर लसूणघास आणि चाऱ्याचा मका आहे. सध्या पाटाने पाणी देतो. विहिरीचं पाणी 12 मीटरवर आहे, पण उन्हाळ्यात पंप रोज दोनच तास चालतो, मग विहीर उपसते. 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदांत भरतो. वीजबिल वाचवायला तुषार संच घ्यावा का?

उत्तर : ड्रम लावून प्रवाह मोजलात, अर्धं काम झालं. मी अनेक वर्षं पंप उघडत-जोडत आलो, त्यामुळे माझा हिशेब पिकाआधी पंपापासून सुरू होतो.

एका एकराला एका पाळीत, म्हणजे एकदा पाणी देताना, मुळांशी 50 मिलिमीटर पाणी पोचवायचंय असं धरा. पाटाने निम्मंच मुळांशी पोचतं, म्हणून उपसावे लागतात सुमारे 405 घनमीटर. तुषारने 270, ठिबकने 225. इथवर सगळे विक्रेतेही सांगतात. पुढचं सांगत नाहीत. पाटाला पाणी नुसतं वर आणायचं असतं, तुषारला त्यावर 30 मीटर उंचीइतका दाब लागतो आणि ठिबकला फिल्टरसकट 15 मीटरच्या आसपास. पंपाची कार्यक्षमता 50 टक्के धरली, तर तुमच्या 12 मीटरवर एका पाळीला पाटाने साडेसव्वीस युनिट, ठिबकने 33 आणि तुषारने तब्बल 62 युनिट वीज जाते. तुषारची वीज पाटाशी बरोबरीला येते ती पाणी 60 मीटर खोल गेल्यावर. तेव्हा बिल वाचवायला तुषार? तुमच्या विहिरीवर मुळीच नाही.

पण तुमची खरी अडचण वीज नाहीच, विहीर आहे. दोन तासांत 36 घनमीटर पाणी मिळतं. भर उन्हाळ्यात लसूणघास रोज सात-आठ मिलिमीटर पिते, म्हणजे आठवड्याला पाळी हवी. पाटाने एका एकराची पाळी उरकायला 11 दिवस लागतात, तोवर पहिला सारा (वरंब्यांमधला पट्टा) सुकलेला. ठिबकने सव्वासहा दिवस. दाबामुळे प्रवाह घटेल, पंप जास्त तास चालेल, विहिरीचं पाणी मात्र तेवढंच. म्हणजे ठिबक घेतलंत तरी उन्हाळ्यात एकच एकर जगेल. ठिबकाचा खर्च भागवायचाय तो त्या एकरातून, म्हणजे एरवी विकत आणावा लागला असता त्या चाऱ्यातून. विहीर बारमाही असती तर मी हा खर्च करू दिला नसता.

संच लसूणघासेलाच लावा. ती तीन-चार वर्षं टिकते, तेवढ्या कापण्यांवर खर्च विभागतो. मका 60-70 दिवसांत कापून मोकळा, त्यात दर वेळी नळ्या अंथरा-गुंडाळा हा उद्योग कोण करणार? मका पावसाळ्या-हिवाळ्यातच घ्या. सारे अरुंद करा, जमीन सपाट करा, आणि मातीच्या पाटाऐवजी बांधापर्यंत बंद पाइप न्या. पाइप सोडला तर मजुरीपलीकडे खर्च फारसा नाही.

नळ्या जमिनीवर ठेवल्या, तर कापणीला विळ्याने तुटतात. माझ्याच शेतात पहिल्या कापणीला दोन ओळी गेल्या. म्हणून त्या पुरल्या, तर उंदीर लागले. तरी पुरलेलीच बरी, वरची माती कोरडी राहते आणि कापणीच्या आदल्या दिवसापर्यंत पाणी देता येतं. पाटाच्या शेतात वापसा येईपर्यंत, म्हणजे पाणी मुरून जमीन पाय ठेवण्याजोगी होईपर्यंत, विळा लावता येत नाही.

पंप बदलण्याआधी त्याच्या पाटीवरचा हेड, म्हणजे तो किती मीटर उंचीइतकं पाणी चढवू शकतो ते, वाचा. 27 मीटरला (विहिरीचे 12 आणि ठिबकच्या दाबाचे 15) तो पुरेसं पाणी देत असेल, तर नवा घेऊ नका.