रूट कॅनालच्या एकाच दाढेसाठी चार एक्स-रे काढले. एवढे लागतात का? आणि घरात पाच महिन्यांची गरोदर बहीण आहे, तिच्या दाताचा काढला तर चालेल का?

रूट कॅनालला चार एक्स-रे म्हणजे नेहमीचाच आकडा. पहिला सुरुवातीचा: कीड नसेपर्यंत गेलीय का, मुळं किती आणि कशी वाकलीयत, टोकाशी हाड झिजलंय का. दुसरा मुळात बारीक फाईल (सुईसारखं अवजार) घालून, लांबी ठरवायला. फाईल टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे थांबावी लागते. आखूड पडली तर टोकाशी सडका भाग राहतो, पुढे गेली तर दाढ ठणकत राहते. तिसरा गटा-पर्चा (मुळात भरायची रबरासारखी काडी) बसवून बघायला, चौथा भरून झाल्यावर. मुळाची लांबी विजेवर मोजणारं यंत्र (एपेक्स लोकेटर) असेल तर दुसरा कधी कधी वाचतो. उलट मुळं एकामागे एक लपली असतील तर तिरक्या कोनातून एखादा जास्तीचा लागतो.

किरणांचं म्हणाल, तर डिजिटल सेन्सरवरच्या (आरव्हीजी) एका छोट्या फोटोला साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक; हजार मायक्रो म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट. तुमचे चारही फोटो मिळून तीनेक दिवसांचं नैसर्गिक रेडिएशन झालं. पूर्ण जबड्याचा एकच रुंद एक्स-रे, म्हणजे ओपीजी, १० ते २५ मायक्रोसिव्हर्टमध्ये बसतो. सीबीसीटीचं (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) गणित वेगळं: यंत्र आणि भाग यांप्रमाणे ते काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाऊ शकतं. खालच्या अक्कलदाढेचं मूळ नसेच्या कालव्यावर आलेलं दिसत असेल तर हा स्कॅन काढणं योग्य. साध्या किडीसाठी कुणी सुचवलं तर कारण विचारा.

बहिणीचा एक्स-रे काढता येतो. किरणांचा झोत गालावर असतो, पोटापर्यंत पोचतं ते जवळजवळ शून्य. गरोदरपणात दाढेखाली पू साठू देणं त्याहून कितीतरी धोक्याचं. फक्त आधी सांगा आणि तपासणीसाठीचे नुसते ‘रूटीन’ फोटो पुढे ढकला. लेड एप्रन मागितला तर संकोच नको, पण तो नसला म्हणून घाबरूही नका: अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ साली एप्रन आणि थायरॉइड कॉलर नेहमी वापरायची गरज नाही असं सांगितलं. नेम धरलेला, आयताकृती नळीतून आलेला झोत जास्त कामाचा.

फोटो परत काढायची वेळ बहुतेक वेळा हलल्यामुळे किंवा सेन्सर नीट न बसल्यामुळे येते. खालच्या दाढेला सेन्सर टोचतो, कारण आपण जीभ ताठ करतो. जीभ सैल सोडा, नाकाने श्वास घ्या. उमासा येत असेल तर जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवून पाहा, पुष्कळांना उपयोग होतो. सेन्सर बोटाने धरायला सांगितलं तर होल्डर मागा, आणि त्यावर तुमच्यासाठी नवं प्लास्टिकचं कव्हर आहे ना तेही बघा. ओपीजीला कानातलं, चमकी, गळ्यातलं, केसांच्या पिना, काढता येणारी कवळी आधीच काढा. कानातलं राहिलं तर त्याची भुतासारखी सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते. यंत्र फिरत असताना जीभ टाळूला चिकटवून ठेवा, नाहीतर वरच्या मुळांवर काळा पट्टा पडतो.

आणखी एक. हाडातला ३० ते ५० टक्के खनिजभाग गेल्याशिवाय फोटोत डाग दिसत नाही. म्हणून दाढ जोरात ठणकत असताना ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ हे शक्य असतं. तेव्हा ठोकून, थंड लावून केलेल्या चाचण्यांवर निदान होतं. लगेच दुसऱ्या दवाखान्यात जाऊन तोच फोटो पुन्हा काढू नका.

तुमच्या फोटोंची मूळ फाईल ईमेलवर मागून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्यात बारकावे जातात. सहा महिने-वर्षाने हाड भरतंय का ते पाहायला एक फोटो निघेल, तेव्हा तुलनेला जुना लागेलच.