वाचकांचे प्रश्न : चाळीस हजारांत रेकॉर्ड ऐकायची पहिली जोडणी

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या शंभरेक एलपी घरात पडून आहेत. दुकानदार पेटीसारखा उघडणारा, स्पीकर आतच असलेला प्लेअर आठ हजारांत देतो आहे. माझी ४० हजारांपर्यंत तयारी आहे. घर पूर्व भागात, खाली टॉवेलचे यंत्रमाग आणि वर आम्ही. खोली दहा बाय बारा. काय घ्यावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पेटीचा प्लेअर घेऊ नका. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा भाग) असतं. त्याची सुई ताठर, आणि खाचेवर ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार टाकते. चांगल्या मॅग्नेट कार्ट्रिजला २ ते ३ ग्रॅम पुरतात. शिवाय स्पीकर त्याच पेटीत, म्हणजे त्याची थरथर थेट सुईपर्यंत. या रेकॉर्डी पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून आधी पैसा त्यांना स्पर्श करणाऱ्या भागावर घाला. स्पीकर पुढे कधीही बदलता येतील.

तुमच्या रकमेत ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स हे टर्नटेबल बसतं. वीस हजारांच्या आत-बाहेर, दुकानागणिक फरक पडेल. ते पूर्ण ऑटोमॅटिक आहे, बटण दाबलं की सुईचा हात स्वतः रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत येतो. सुईचा भार कारखान्यातच ठरवलेला असतो, त्यामुळे नवख्याच्या हातून बिघडायला फारसं काही उरत नाही. सुई मात्र झिजते. साधी गोल टोकाची सुई चारशे-पाचशे तासांनी बदला. जुनी काढून नवी खटकन बसते.

त्याला ॲम्प्लिफायर आतच असलेली स्पीकरची जोडी जोडा. एडिफायर आर१२८०टी या खोलीला भरपूर आहे, अंदाजे दहा-बारा हजार. उरलेल्यातून कार्बन फायबरचा ब्रश, कागदाऐवजी प्लास्टिकची आतली पाकिटं आणि एक जादा सुई घ्या. वॅटच्या आकड्यांच्या मागे लागू नका, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस खरे वॅटही पुष्कळ होतात.

जोडताना हमखास अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, रेकॉर्ड ठेवायची तबकडी फिरतच नाही. तिला फिरवणारा पट्टा (बेल्ट) कारखान्यातून तबकडीभोवती येतो. तबकडीच्या भोकातून तो रिबनीने ओढून मोटरच्या पितळी पुलीवर तुम्हालाच चढवायचा असतो. दुसरं, मागचं फोनो-लाइनचं बटण. मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात. ते पूर्ववत करून आवाज वाढवतो तो फोनो प्रीॲम्प, आणि या यंत्रात तो आतच आहे. तुमच्या स्पीकरला फोनो इनपुट नाही, म्हणून बटण ‘लाइन’वर हवं. आवाज अगदी बारीक, चिरका आणि खर्ज नसलेला आला तर बटण ‘फोनो’वर राहिलं आहे. उलट, आवाज फाटून प्रचंड मोठा आला तर प्रीॲम्प दोनदा लागला आहे. पुढेमागे फोनो इनपुट असलेला ॲम्प्लिफायर घेतलात तर हे लक्षात असू द्या.

आता यंत्रमागांचं. तुमच्या घरात हाच खरा प्रश्न आहे. मागांची धडधड खांबांतून आणि भिंतींतून वर येते, आणि सुईला ती गाण्याइतकीच खरी वाटते. खालचे माग ज्या भिंतीला लागून आहेत तिच्यावरच्या फळीवर टर्नटेबल ठेवू नका. समोरच्या बाजूला, जड कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवा आणि खाली चार रबरी पाय द्या. जागा बरोबर आहे का हे पाहायला पट्टा पुलीवरून उतरवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. माग चालू असताना घुमणं ऐकू आलं तर जागा बदला. स्पीकर त्या ओट्यावर चुकूनही नको. पाणसळ लावून तबकडी दोन्ही दिशांनी सपाट करा.

मागांबरोबर तूसही येतं. टॉवेलच्या सुताचा बारीक रुवा हवेतून खाचेत बसतो, सुईला गोळा होऊन चिकटतो आणि बाजूच्या शेवटी आवाज खरखरीत होतो. म्हणून प्रत्येक बाजूआधी फिरत्या रेकॉर्डवर ब्रश, सुईवर मागून पुढे मऊ ब्रशचा एक हात, आणि झाकण. बोटाने सुई कधीही पुसू नका. धुवायला बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी घ्या, लेबल कोरडं ठेवा, आणि उभी करून सावलीत वाळवा.

प्रश्न : घरात ५.१ होम थिएटर आहे. तेच चालेल का?

उत्तर : मागे लाल-पांढरी ऑक्स इनपुट असेल तर सुरुवातीला चालेल. स्टिरिओ मोडवर ठेवा, पुढचे दोनच स्पीकर वाजू द्या. सबवूफर अगदी कमी करा, नाहीतर गाण्याऐवजी मोटरची आणि मागांची घरघर मोठी होऊन येईल.

प्रश्न : अमेरिकेतल्या नातेवाइकांनी जुना टर्नटेबल दिला आहे. ११०चा ट्रान्सफॉर्मर लावला तरी गाणी जड आणि संथ येतात. बेल्ट गेला का?

उत्तर : बेल्ट नव्हे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारता नाही. तुमची मोटर विजेच्या वारंवारतेवर फिरणारी असणार. तिथे ६० हर्ट्झ, इथे ५०. म्हणून ३३⅓ची रेकॉर्ड मिनिटाला २७.८ फेऱ्यांनीच फिरते, आणि काळी चार पट्टीचं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली जातं. त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळवा. तिचा व्यास आताच्या पुलीपेक्षा एक पंचमांशाने मोठा असतो. पुली मिळत नसेल तर यंत्रावर जास्त खर्च करू नका. डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण येत नाही.

प्रश्न : रेकॉर्डी पत्र्याखालच्या माळ्यावर आहेत. काही वाकल्या आहेत.

उत्तर : आजच खाली काढा. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून बरंच जास्त, आणि त्या उष्णतेत विनाइल मऊ पडून वाकतं. आतल्या खोलीत, उन्हापासून दूर, पुस्तकांसारख्या सरळ उभ्या लावा, तिरप्या टेकवू नका. थोडी वाकलेली रेकॉर्ड बहुधा वाजते, सुई उडत असेल तर वाजवू नका.

गठ्ठ्यात ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जड, ठिसूळ रेकॉर्डी असतील तर त्या वेगळ्या काढा. त्यांची खाच रुंद असते, एलपीची सुई तळाशी जाऊन नुसती खरखर करते. एलपी६०एक्सला ७८चा वेगही नाही. आणि त्या स्वच्छ करताना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.