हजारो सोडवलेली गणिते दाखवल्यावर संगणक विचार करायला शिकतो की नुसती घोकंपट्टी करतो?

माझ्या मते, नमुन्यात फक्त उत्तर दाखवले की रीतही दाखवली, यावर बरेच काही अवलंबून आहे.

जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातले एक शाब्दिक उदाहरण पाहा. उपाहारगृहात २३ सफरचंदे होती, २० जेवणासाठी वापरली आणि आणखी ६ विकत आणली, तर आता किती? त्याआधी भाषेच्या मॉडेलला (म्हणजे भरपूर मजकुरावरून शिकून पुढचे शब्द लिहिणाऱ्या संगणक-प्रणालीला) टेनिसच्या चेंडूंचे एक सोडवलेले गणित दाखवले होते. त्यात नुसते ‘११’ हे उत्तर होते, तेव्हा मॉडेलने सफरचंदे २७ सांगितली; पण ‘आधीचे ५ चेंडू, प्रत्येकी ३ चेंडूंचे २ डबे म्हणजे ६, म्हणून ५ + ६ = ११’ अशा पायऱ्या मांडून दाखवल्यावर त्याने २३ मधून २० वजा केले, उरलेल्या ३ मध्ये ६ मिळवले आणि ९ हे बरोबर उत्तर काढले. अशा अवघ्या ८ नमुन्यांनी गूगलच्या ‘पाम’ या मोठ्या मॉडेलची शालेय गणितांतली अचूकता सुमारे १८ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेली. (‘रीत लिहा, रीतीला गुण आहेत’ असे बजावणाऱ्या आपल्या शिक्षकांना याचे नवल वाटू नये.) लहान मॉडेल मात्र पायऱ्या सफाईने लिहीत आणि उत्तर चुकवीत.

मॉडेलला शिकवण्यासाठी हजारो गणितांच्या पायऱ्या माणसांकडून लिहवून घेणे खर्चिक असल्याने पुढे मॉडेललाच त्या लिहायला लावून, ज्यांचे उत्तर बरोबर येते तेवढ्याच शिकवणीसाठी ठेवण्याची पद्धत आली. तिच्यात चुकीच्या रीतीने योगायोगाने आलेले बरोबर उत्तरही खपून जाते, हा तिचा मोठा दोष मला वाटतो.

आता घोकंपट्टीविषयी. २०२४ मध्ये ॲपलच्या संशोधकांनी एक गणित मुद्दाम असे रचले: शुक्रवारी ४४ किवी फळे तोडली, शनिवारी ५८, रविवारी शुक्रवारच्या दुप्पट, पण त्यांतली ५ फळे सरासरीपेक्षा थोडी लहान होती, तर एकूण फळे किती? लहान असली तरी ती फळेच, म्हणून उत्तर १९०. तरीही नावाजलेल्या मॉडेलांनी ५ वजा करून १८५ सांगितले. शाळेच्या गणितात दिलेली प्रत्येक संख्या कुठेतरी वापरायचीच असते, ही सवयसुद्धा नमुन्यांमधूनच त्यांच्या अंगवळणी पडली असावी.