शुक्राआधी घराची भिंत

नागपूर, मे महिना

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून आल्यापासून तुला शुक्राचं तापमान मोजायचंय, तेही गच्चीवर पडलेल्या टीव्हीच्या डिशनं, हे वाचून फार आनंद झाला. पण बेटा, आधी त्या डिशला घराची भिंत दाखव.

तापलेली प्रत्येक वस्तू रेडिओ लहरी सोडते आणि त्यांची शक्ती तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढते. डिश मोकळ्या आकाशाकडे केलीस की तिला जोडलेल्या सिग्नल मीटरचा काटा खाली येईल, भिंतीकडे वळवलीस की चढेल. भिंतीला साधा थर्मामीटर टेकव. 45 अंश सेल्सिअस आले तर त्यात 273 मिळव, ते झाले 318 केल्व्हिन. काट्याच्या चढाला आता कुठे अर्थ आला! आपल्या उन्हात एलएनबीही (डिशसमोरची, लहरी टिपणारी डबी) तापते आणि काटा आपोआप सरकतो, म्हणून दुपार टाळ. दिवेलागणीनंतर पश्चिमेची भिंत गरमच असते. तेव्हा आकाश, भिंत, पुन्हा आकाश, पुन्हा भिंत, अशा नोंदी घे. मी हे केलं नव्हतं, आणि माझी पहिली अख्खी वही वाया गेली.

मग सूर्य. 60 सेंटिमीटरची डिश एका वेळी साधारण 3 अंशांचं आकाश पाहते. सूर्य जेमतेम अर्धा अंश, म्हणजे रुंदीत त्या तुकड्याचा सहावा, पण क्षेत्रफळात छत्तिसावा भाग. या लहरींत तो दहा हजार केल्व्हिनच्या वर असूनही काटा जवळपास भिंतीइतकाच चढेल. शुक्र तर जवळ असतानाही अंशाचा साठावा भाग! त्याचे 600 केल्व्हिन तुझ्या डिशमध्ये जेमतेम 0.02 केल्व्हिन उरतात.

1956 साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत कॉर्नेल मेयर आणि सहकाऱ्यांनी ते मोजले, 50 फुटी डिशनं, 3.15 सेंटिमीटर लहरींवर. तुझी एलएनबी याच्या अगदी जवळच्या लहरी ऐकते, हे मला फार मोलाचं वाटतं. पण ती उष्णता जमिनीची की वरच्या हवेची, यावर वाद चालला. 1962 मध्ये मरिनर 2 हे यान जवळून गेलं, शुक्राच्या कडा मंद दिसल्या. कडेला नजर तिरकी, वरच्या थंड हवेतून जास्त जाते, म्हणून उष्णता खालून येते हे पटलं.

आणि काट्याचा प्रत्येक चढ उष्णतेचाच असतो असं नाही. गुरूकडे 3 सेंटिमीटरला पाहिलं तर दीडशे केल्व्हिनच्या आसपास, लांब लहरींवर हजारो. ती उष्णता नव्हेच, चुंबकक्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन आहेत ते.

आठ दिवसांच्या नोंदी पाठव. वेळ आणि थर्मामीटरचा आकडा प्रत्येक ओळीत हवा.