18 फुटांवरचं झुंबर आणि शिडी

प्रश्न : आमच्या रो-हाउसचा हॉल डबल हाइटचा आहे, फरशीपासून स्लॅब 18 फूट. मिसेसनी हौसेनं 14 किलोचं झुंबर आणलंय, मधोमध लावायचंय. वायरमन म्हणतो शिडी द्या, तासाभरात लावतो. ऑनलाइन अॅल्युमिनियमची 16 फुटी टेलिस्कोपिक शिडी बघितली, घेऊन टाकू का? पुढे बल्ब बदलायलाही होईल.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा, लगेच ऑर्डर टाकू नका. सरळ टेलिस्कोपिक शिडी टेकवायला भिंत लागते, तुमचं झुंबर हॉलच्या मधोमध, मग टेकवणार कशाला, हवेला? आणि घोड्यासारखी उघडणारी असेल तर 16 फूट ही बऱ्याचदा दोन्ही बाजूंची बेरीज असते, उभी केली की राहतात आठच.

आता हिशोब बघा. माणसाचा हात वर करून साधारण 7 फुटांपर्यंत पोचतो, म्हणजे स्लॅबला काम करायला पाय 11 फुटांवर हवेत. घोड्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नसतं, म्हणजे घोडा 13-14 फुटी लागला. बरं तोही मिळेल, पण 14 किलोचं झुंबर दोन्ही हातांनी धरल्यावर शिडी धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

त्यामुळे चाकाची परांची, म्हणजे स्कॅफोल्डिंग, दिवसाच्या भाड्यानं आणा. तिची उंची खालच्या अरुंद बाजूच्या तिपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे बाजू 4 फुटांची असेल तर फळी 12 फुटांपर्यंत चालते, तुमचं काम त्यात बसतं. फळीला चारी बाजूंनी कठडा हवाच. चाकांचे ब्रेक लावूनच चढायचं, आणि वर माणूस असताना परांची ढकलायची नाही, दोन इंचसुद्धा नाही (हे सांगूनही पोरं ढकलतातच, म्हणून खाली स्वतः उभे राहा).

विजेचं म्हणाल तर नुसता स्विच बंद करून भागत नाही, करंट आणणाऱ्या फेजच्या वायरीऐवजी परतीच्या न्यूट्रल वायरीवर स्विच बसवलेली घरं मी भरपूर बघितलीत, तिथं स्विच बंद असला तरी वर करंट असतोच. एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या लाइनचा ब्रेकर, पाडा, आणि हॉलचे दिवे इन्व्हर्टरवर असतील तर तोही बंद करा, ते सगळे विसरतात. मग वर गेल्यावर टेस्टर लावून बघायचं, तो टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून चालतोय ना ते बघून घ्यायचं. अॅल्युमिनियममधून करंट जातो, त्यामुळे विजेच्या कामाला शिडी घ्यायचीच झाली तर फायबरग्लासची घ्या.

झुंबर पीओपीच्या फॉल्स सीलिंगला लटकवू देऊ नका. हुक स्लॅबमधलाच हवा, नाहीतर स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट.

राहिला बल्बचा प्रश्न. दर वेळी परांची कोण आणणार? झुंबर रिमोटनं खाली-वर करणारी मोटरची विंच मिळते, महाग आहे पण पुसायलाही तीच कामाला येते. घ्यायची असेल तर हुक बसवायच्या आधी ठरवा, कारण तिचंही वजन त्याच जागी येणार आणि मोटरला वेगळी वायर ओढावी लागणार, पीओपी झाल्यावर ती ओढायची म्हणजे परत तोडफोड.