कॉलेजच्या मुलांना लेखन शिकवताना सर्जनशीलतेला कितपत जागा द्यावी?

पदवीच्या मुलांना आधी शुद्धलेखन, अर्ज, अहवाल पक्के शिकवावेत आणि सर्जनशीलतेचं नंतर बघावं का, असं तुम्ही विचारलं आहे. मी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. माझं मत असं की नंतरसाठी ठेवू नका, अर्ज-अहवालातच ती आणा.

प्रथम वर्षाला येणारी बहुतेक मुलं निबंध पाठ करून आलेली असतात. पावसाळा म्हटलं की धरणीने हिरवा शालू नेसलाच. जुलै उलटला तरी जिच्या गावात पेरणी झालेली नसते, तीही हेच लिहिते. तिच्याकडे शब्द नाहीत असं मुळीच नाही. स्वतः पाहिलेलं वहीत चालतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

व्यावहारिक मराठीतला तक्रार अर्ज घ्या. ‘आमच्या भागात तीव्र पाणीटंचाई असून नागरिकांची गैरसोय होत आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक वहीत सापडतं. मी विचारते, कुणाची गैरसोय? नळ कधी येतो? हंडे कोण भरतं, आणि त्यापायी तिचं काय राहून जातं? मग दुसऱ्या खर्ड्यात येतं: ‘नळ सकाळी आठला येतो, म्हणून माझ्या बहिणीची शाळा रोज बुडते.’ मायना, विषय, तारीख सगळं जागच्या जागी असतं, पण आता तो अर्ज बाजूला सारणं अवघड जातं. नेमका कोणता तपशील घ्यायचा हे ठरवायला कल्पकता लागते, आणि ती कथा-कविता लिहिणाऱ्यांपुरती राखीव नाही.

फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं आणि थंडी-वारा-पावसाने त्यांचे हाल होतात. शाळकरी मुलीने हा तपशील निवडला! मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचायला लावते. त्यानंतर ‘दलितांची स्थिती हलाखीची होती’ असं मोघम वाक्य मुलांना स्वतःलाच खटकायला लागतं.

शुद्धलेखन सोडा असं मी म्हणत नाही. फक्त पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवू नका. ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकाने मुलं सोपी, ओळखीची वाक्यंच लिहितात. व्याकरण शेवटच्या खर्ड्यात कसून तपासा. वर्ग मोठा असेल तर पूर्ण निबंध मागू नका, एकच परिच्छेद दोनदा लिहून घ्या आणि पहिलं वाचन शेजारच्याला करू द्या.

खरी अडचण गुणांची आहे. आदर्श उत्तराशी ताडून गुण मिळत राहिले तर मुलं पाठांतराकडेच वळणार, त्यांना दोष देता येत नाही. अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हातात असेल तर दोन्ही खर्डे जोडून मागा आणि निम्मे गुण दुसऱ्यात काय बदललं यावर द्या.